नाव तेच, पण माणूस तोच का? वैयक्तिक माहिती शोधायची आणि जोखायची कशी

निवड समितीत बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. मुलाखतींच्या आदल्या रात्री मी एकेका उमेदवाराचं नाव गुगलवर टाकून पाहत होते. तसं करा असं कुणी सांगितलं नव्हतं; सगळेच पाहतात, म्हणून मीही पाहिलं. एका नावाखाली फसवणुकीच्या गुन्ह्याची बातमी आली. नाव तेच, आडनाव तेच, शहरही तेच. सकाळी मी ती बातमी समितीत दाखवली आणि त्या उमेदवाराचा अर्ज मुकाट्याने बाजूला गेला. त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. दीडेक वर्षाने दुसऱ्याच कामासाठी शोधताना तीच बातमी पुन्हा समोर आली आणि तेव्हा मी ती पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. तिसऱ्या परिच्छेदात आरोपीचं वय दिलं होतं: ५२. आमचा उमेदवार तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्याची जन्मतारीख अर्जाच्या पहिल्याच पानावर होती.

मी समितीच्या प्रमुखांना चूक लेखी कळवली. जागा केव्हाच भरली गेली होती.

कुणाला घर भाड्याने द्यायचं असतं, कुणाला भागीदार घ्यायचा असतो, कुणी मुलांना शिकवायला माणूस शोधत असतं, कुणाची ऑनलाइन ओळख आता प्रत्यक्ष भेटीपर्यंत आलेली असते. अशा वेळी समोरच्याची चौकशी करण्यात गैर काही नाही. पण ज्यांनी हे कधी केलेलं नाही, त्यांचा सगळा वेळ माहिती गोळा करण्यात जातो. गोळा करणं आता अर्ध्या तासाचं काम आहे. मिळालेली माहिती त्याच माणसाची आहे का, आणि असली तर तिला किती वजन द्यायचं, हे ठरवायला खरा वेळ लागतो. खालच्या पायऱ्या त्या हिशोबाने लिहिल्या आहेत.

पायरी १ : आधी प्रश्न कागदावर लिहा

फोन हातात घेण्याआधी एक वाक्य लिहून काढा: मला काय ठरवायचं आहे आणि त्यासाठी मला नेमकं काय कळायला हवं. वापरलेला कॅमेरा अनोळखी माणसाकडून घ्यायचा असेल, तर प्रश्न दोनच: कॅमेरा खरंच त्याच्याकडे आहे का, आणि याआधी त्याने असे व्यवहार नीट केले आहेत का. त्याचं लग्न झालंय का, तो कुणाला मत देतो, सुट्टीत कुठे गेला होता, यातलं काहीही त्या वाक्यात बसत नाही. जे बसत नाही ते शोधायचं नाही.

हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपचा जीडीपीआर हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमात माहिती ठरलेल्या हेतूसाठीच आणि गरजेपुरतीच घ्यावी असं तत्त्व आहे. नवव्या कलमात आरोग्य, धर्म, वंश, राजकीय मतं, लैंगिक जीवन अशा गोष्टींना वेगळं, जास्तीचं संरक्षण आहे. घरगुती कारणासाठी कुणी स्वतःपुरती माहिती पाहत असेल तर हा कायदा आड येत नाही, भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही येत नाही. तरी मोजपट्टी म्हणून ही कलमं उत्तम आहेत. एखाद्याच्या आजाराबद्दल एकदा वाचलं की ते डोक्यातून काढून टाकता येत नाही. मग निर्णय कशावर घेतला, हे आपलं आपल्यालाही सांगता येत नाही.

पायरी २ : त्यालाच विचारा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मला त्याचं फार नवल वाटतं. ज्याची माहिती हवी तो माणूस समोर असताना आपण त्याच्या पाठीमागे शोधत बसतो. सरळ सांगा: ‘निर्णय घेण्याआधी मी थोडी पडताळणी करणार आहे. तुमचं पूर्ण नाव, आधीच्या कामाची ठिकाणं आणि तुमच्याबद्दल सांगू शकतील अशा दोघांचे नंबर द्याल का?’ प्रामाणिक माणसाला याचा राग सहसा येत नाही. शिवाय पुढच्या शोधाला पक्का धागा मिळतो, कारण आता तुमच्याकडे नुसतं नाव नसतं, त्याला जोडलेल्या चार गोष्टी असतात.

त्याने दिलेल्या नंबरांवर खरोखर फोन करा. आणि ‘माणूस कसा आहे’ असं विचारू नका. त्यावर ‘चांगला आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही. ‘तुम्ही कुठे, कधी, किती काळ एकत्र काम केलंत?’ असं विचारा. खोटा ओळखीचा माणूस उभा केलेला असेल तर तो बहुधा याच प्रश्नावर अडखळतो.

पायरी ३ : पहिला सराव स्वतःवर

दुसऱ्याबद्दल एकही शब्द शोधण्याआधी एक संध्याकाळ स्वतःसाठी काढा. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या आधीच्या शोधांचा निकालांवर फारसा परिणाम होणार नाही. मग आपलं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. त्यानंतर फोन नंबर, ईमेल, जुनी युजरनेम. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर ईमेल टाकला की तो आजवर कोणत्या उघड झालेल्या डेटा-गळतींत सापडला आहे ते दिसतं. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. शेवटी तुम्ही वापरता त्या सेवांच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींसाठी तुमच्याबद्दल काय नोंदवून ठेवलंय ते पाहा. गुगलवरचा आपला सगळा साठा ‘टेकआउट’ या सोयीतून उतरवून घेता येतो.

जे सापडेल ते चार रकान्यांत लिहा: बरोबर, चूक, जुनं झालेलं, दुसऱ्याच कुणाचं.

माझा पहिला कागद मी अजून जपून ठेवला आहे. ‘बरोबर’च्या रकान्यात सात नोंदी होत्या. ‘जुनं’मध्ये नऊ: सोडलेली नोकरी, बदललेला पत्ता, कॉलेजात असताना लिहिलेलं एक तावातावाचं मत, जे आज माझं नाही. ‘दुसऱ्याचं’मध्ये माझ्याच नावाच्या एका दंतवैद्य बाईंचे रुग्णांनी लिहिलेले अभिप्राय, त्यातले दोन चांगलेच कडू. आणि ‘चूक’मध्ये एका सेवेने माझ्या नावापुढे लावलेली ‘लहान बाळाचे पालक’ ही नोंद. मला मूल नाही. मैत्रिणीच्या बाळासाठी पाळणा शोधत मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या, तेवढ्यावरून ती आली होती.

या शेवटच्या नोंदीपाशी जरा थांबू या, कारण डिजिटल माहितीचा स्वभाव तिथे उघडा पडतो. माणसाबद्दलची माहिती तीन प्रकारची असते. सांगितलेली, म्हणजे त्याने स्वतः फॉर्ममध्ये भरलेली किंवा लिहिलेली. टिपलेली, म्हणजे तो कुठे गेला, काय उघडलं, किती वेळ पाहिलं याची यंत्राने केलेली नोंद. आणि ताडलेली, म्हणजे या दोहोंवरून कुणीतरी लावलेला अंदाज. ‘पाळणे पाहिले’ हे टिपलेलं आणि खरं. ‘पालक आहे’ हे ताडलेलं आणि खोटं. पडद्यावर मात्र दोन्ही एकाच अक्षरात, एकाच ठामपणे लिहिलेली दिसतात.

ताडलेली माहिती नेहमी चुकते असं नाही. संशोधक मिखाल कोसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ५८,००० हून अधिक लोकांचे फेसबुकवरचे ‘लाइक’ तपासले. नुसत्या त्यांवरून माणूस अमेरिकेतल्या दोन पक्षांपैकी कोणत्या बाजूचा, हे ८५ टक्के वेळा बरोबर ओळखता आलं. जाहिरातदाराला एवढं पुष्कळ झालं. तुम्हाला मात्र एकाच माणसाबद्दल ठरवायचं असतं, आणि तो उरलेल्या १५ टक्क्यांतला असेल तर तुमचं सगळंच चुकलं. म्हणून एखादी सेवा माणसाला गुण देत असेल, ‘विश्वासार्हता’ किंवा ‘जोखीम’ असा आकडा काढून देत असेल, तर तो आकडा कशावरून काढला हे कळेपर्यंत त्याला शून्य वजन द्या.

स्वतःचा कागद भरून झाला की दुसऱ्याच्या कागदाकडे पाहायची नजर बदलते. ही पायरी टाळून पुढे जाऊ नका. जाता जाता, स्वतःचा पत्ता किंवा फोन नंबर कुठे उघडा पडलेला दिसला तर गुगलच्या निकालांतून तो काढून टाकण्याची विनंती करता येते, तीही करून टाका.

पायरी ४ : शोध आणि नोंद

आता दुसऱ्याचं नाव. ते एकाच प्रकारे लिहिलं जातं असं धरून चालू नका. लिबियाच्या गद्दाफींचं नाव रोमन लिपीत डझनावारी प्रकारांनी छापलं गेलं, आणि ते तर देशाचे सत्ताधीश होते. देवनागरीतलं नाव, रोमन लिपीतली निरनिराळी रूपं, मधलं नाव धरून आणि वगळून, लग्नाआधीचं आडनाव, नुसतं आद्याक्षर, असं सगळं करून पाहा. नको असलेले निकाल गाळायला शब्दाआधी वजाचं चिन्ह लावा. प्रोफाइलचा फोटो उलट शोधात, म्हणजे तो आणखी कुठे कुठे आहे हे शोधून देणाऱ्या सोयीत, टाकून पाहा. गुगल आणि टिनआय दोन्हीकडे ही सोय आहे. तोच चेहरा चार वेगळ्या नावांनी दिसला तर फोटो उचललेला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा ज्याचा चेहरा आहे त्याच्यावर संशय घेऊ नका. बहुधा त्यालाही आपला फोटो चोरीला गेल्याचं माहीत नसतं.

पान उडालं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची जुनी प्रत मिळते का पाहा. ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळं साठवते आहे आणि २००१ पासून ती सगळ्यांना पाहायला खुली आहेत.

फोटोत कधी कधी तो कुठे, कधी काढला ही माहिती दडलेली असते. डिसेंबर २०१२ मध्ये अँटीव्हायरस बनवणारे जॉन मॅकाफी लपून राहत होते, तेव्हा एका मासिकाने त्यांचा फोटो छापला आणि फोटोतल्या स्थान-नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं. हल्ली बहुतेक मोठी समाजमाध्यमं फोटो चढवताना ही नोंद काढून टाकतात. म्हणून ती सापडली नाही, याचा अर्थ कुणी काही लपवलं असा होत नाही.

प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी लिहा: लिंक, मजकुराची तारीख, तुम्ही पाहिल्याची तारीख, आणि ही माहिती सांगितलेली, टिपलेली की ताडलेली. तारीख उतरवताना काळजी घ्या. ०३/०४ म्हणजे कुठे ३ एप्रिल असतं, तर कुठे ४ मार्च.

खोटं प्रोफाइल काढून मैत्री करणं, कुणाच्या खात्यात शिरणं, गळती झालेल्या याद्या विकत घेणं, यातलं काही करायचं नाही. तुमचा प्रश्न कितीही रास्त असला तरी नाही. आणि जो माणूस तुमच्यापासून दूर गेला आहे, ज्याला तुम्ही सापडायला नको आहात, त्याला शोधण्यासाठी या पायऱ्या अजिबात वापरू नका.

पायरी ५ : तोच माणूस का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी इथेच घसरले होते.

नामसाधर्म्य किती फसवं असतं ते हिशोब करूनच पटतं. आकडे उदाहरणासाठी घेते. २० लाख वस्तीच्या शहरात एखादं नाव-आडनाव दर १०,००० माणसांत एकाचं असेल, तर त्या नावाची २०० माणसं त्या शहरात आहेत. म्हणजे नाव आणि शहर जुळलं, तर तुमच्या हाती २०० पैकी एक आलाय. मी एवढ्यावरच थांबले होते. आता वय ३० ते ३५ हेही जुळलं असं धरा. त्या वयाचे लोक दहात एक असतील, तर उरले २०. त्यात व्यवसाय जुळला आणि तो व्यवसाय करणारे शंभरात एक असतील, तर योगायोगाने जुळेल असा एकही माणूस उरत नाही. तेव्हा कुठे ‘बहुधा तोच’ म्हणता येतं.

पण या हिशोबात एक खाच आहे. गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा जुळणाऱ्या गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतात. नावांना पिढी असते. एखादं नाव ज्या दशकात फार ठेवलं गेलं, त्या नावाची बहुतेक माणसं साधारण एकाच वयाची निघणार. तिथे नाव जुळलं आणि वयही जुळलं, ही दोन जुळण्यांची गोष्ट नसते, दीडच समजा. तसंच दोन संकेतस्थळांवर एकच फोटो आणि एकच परिचय दिसला तर ते दोन पुरावे नव्हेत. एकावरून दुसऱ्यावर उतरवलेला तो एकच पुरावा.

याच्या उलट, अगदी साध्या वाटणाऱ्या तीन गोष्टी मिळून माणसाला नेमकं टिपतात. लटान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञांनी १९९० च्या अमेरिकी जनगणनेवरून दाखवलं की पूर्ण जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखू येऊ शकतात. यात नाव नाहीच. म्हणून माझा नियम असा: नाव जुळणीत धरायचं नाही, कारण शोध त्यावरूनच सुरू झाला होता. नावाखेरीज तीन स्वतंत्र गोष्टी जुळायला हव्यात, आणि त्यातली एक तरी दुर्मीळ हवी: पूर्ण जन्मतारीख, विशिष्ट संस्था आणि तिथलं साल, व्यावसायिक नोंदणी क्रमांक.

एवढं झालं की उलटा शोध घ्या. न जुळणारी एक तरी गोष्ट मुद्दाम हुडका. बातमी ज्या महिन्यातली, त्या महिन्यात तुमचा माणूस दुसऱ्या देशात शिकत होता का? वय, मधलं नाव, उंची, काही विसंगत आहे का? पक्की विसंगती एकच सापडली तरी बाकीच्या दहा जुळण्या रद्द. मी त्या रात्री फक्त जुळणाऱ्या गोष्टी पाहिल्या. न जुळणारी गोष्ट तिसऱ्या परिच्छेदात होती आणि मी दुसऱ्यावर थांबले.

चेहऱ्यावरून ओळख पटवणं तर आणखी जोखमीचं. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर हजारो लोकांनी धूसर फोटोंवरून संशयित शोधायला घेतले आणि महिनाभरापूर्वी बेपत्ता झालेल्या एका विद्यार्थ्याचं नाव पुढे केलं. त्याचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. स्फोट झाले तेव्हा तो हयातच नव्हता. मुलाचा शोध घेणाऱ्या त्या घरावर तोवर लोक तुटून पडले होते. रेडिटने नंतर जाहीर माफी मागितली. यंत्रही याला अपवाद नाही. २०२० साली डेट्रॉइट पोलिसांनी चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीच्या चुकीच्या जुळणीवरून एका निरपराध माणसाला त्याच्या घराच्या अंगणात, बायको-मुलींच्या देखत अटक केली. फोटो सारखा दिसतो हा पुढे तपासायचा धागा आहे. उत्तर म्हणून तो वापरू नका.

पायरी ६ : कोण म्हणतंय, आणि कधी?

माणूस तोच आहे हे ठरल्यावर मगच मजकुराकडे वळा. प्रत्येक नोंदीला विचारा: हे कोण सांगतंय, त्याला ते कसं कळलं, कधीचं आहे, आणि सांगण्यात त्याचा काय फायदा. अधिकृत नोंदवही, जसं कंपन्यांची नोंदणी, न्यायालयाचा आदेश किंवा व्यावसायिक परिषदेची यादी, ही बातमीच्या वरची. नाव छापून जबाबदारी घेणारी बातमी ही निनावी पोस्टच्या वरची. ‘मला कळलं की’ ने सुरू होणारी सांगोवांगी तळाला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये ४५ जणांना संकेतस्थळं जोखायला लावली: १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळक आणि २५ विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले. सुबक मांडणी आणि अधिकृत वाटणाऱ्या बोधचिन्हाला अनेकदा फसले. पडताळक मात्र काही क्षणांत पान सोडून नव्या टॅबमध्ये ‘हे संकेतस्थळ आहे कुणाचं?’ हे शोधू लागले आणि कमी वेळात जास्त नेमक्या उत्तराला पोचले. हीच सवय लावून घ्या. एकच बातमी दहा ठिकाणी दिसली तर मागे मागे जाऊन पहिली कोणती ते पाहा. बहुतेक वेळा नऊ ठिकाणी तीच उतरवलेली असते, आणि मूळ बातमीत असलेला ‘कथित’ हा शब्द वाटेत गळून गेलेला असतो.

आरोप, अटक, आरोपपत्र आणि निकाल या चार वेगळ्या गोष्टी आहेत. अटकेची बातमी मोठी येते, सुटकेची लहान येते किंवा येतच नाही. अटकेची बातमी सापडली तर निकाल सापडेपर्यंत ती नोंद अर्धवट, असं कागदावर स्पष्ट लिहा.

आता वय, माहितीचं वय. स्पेनमधल्या एका गृहस्थांच्या थकबाकीपोटी घराच्या लिलावाची सूचना १९९८ मध्ये वर्तमानपत्रात छापून आली होती. बाकी केव्हाच मिटली, पण दहा-बारा वर्षांनंतरही गुगलवर त्यांचं नाव टाकलं की तीच सूचना वर यायची. ते भांडले, आणि १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की कालबाह्य, गैरलागू झालेले दुवे नावाच्या शोधातून काढण्याची मागणी माणूस करू शकतो. न्यायालयाने काढायला लावलं ते आपल्याला मनातल्या मनात काढता यायला हवं. एकोणिसाव्या वर्षी लिहिलेली पोस्ट चाळिशीतल्या माणसाबद्दल फारच थोडं सांगते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच वेळी, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाच्या पोस्टी तशा नसतात.

स्क्रीनशॉट हा पुरावा समजू नका. कुणाचंही नाव-फोटो लावून हवं ते संभाषण दोन मिनिटांत बनवता येतं. मूळ लिंक मागा.

एआय चॅटबॉटला माणसाबद्दल विचारण्याची सवय वाढते आहे, तिच्याबद्दल मी फार गंभीरपणे सांगते: नावावरून माणसाची माहिती त्याला विचारू नका. विचारलीत तर त्याने दिलेल्या दुव्यावर जाऊन मूळ पान वाचल्याशिवाय एक अक्षर धरू नका. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका महापौरांबद्दल चॅटजीपीटीने ते लाचखोरीच्या प्रकरणात तुरुंगात गेले होते असं सांगितलं. प्रत्यक्षात ते प्रकरण उजेडात आणायला मदत करणारे तेच होते. नाव बरोबर, प्रकरण बरोबर, आणि माणसाची जागा नेमकी उलटी.

काहीच सापडलं नाही तर? तर काहीच सापडलं नाही, एवढंच लिहा. समाजमाध्यमांवर नसणं संशयास्पद नाही, आणि निष्कलंक निकाल म्हणजे चारित्र्याचा दाखलाही नाही.

पायरी ७ : विरुद्ध निर्णय घेण्याआधी सांगा

कागदावरच्या एखाद्या नोंदीमुळे तुम्ही ‘नाही’ म्हणणार असाल, तर ती नोंद त्या माणसासमोर ठेवा: ‘मला हे सापडलं. हे तुमच्याबद्दल आहे का? असेल तर काय झालं होतं?’ अमेरिकेत फेअर क्रेडिट रिपोर्टिंग हा १९७० चा कायदा आहे. त्यानुसार बाहेरच्या संस्थेकडून मागवलेल्या पार्श्वभूमी-अहवालावरून नोकरी नाकारायची असेल, तर नाकारण्याआधी उमेदवाराला त्या अहवालाची प्रत द्यावी लागते. तुमच्यावर असं बंधन असो वा नसो, एक फोन करा. आम्ही तो केला असता तर त्या उमेदवाराने ‘मी ३१ वर्षांचा आहे’ असं एका वाक्यात सांगितलं असतं.

त्याचं उत्तर ऐकतानाही तीच मोजपट्टी लावा. तपासता येण्यासारखं काही त्यात आहे का, हे पाहा. आवाज ठाम आहे की कापरा, यावरून काही ठरवू नका.

पायरी ८ : गोळा केलेलं पुसा

निर्णय झाला. आता तुमच्याकडे एका माणसाची जन्मतारीख, पत्ता, जुन्या गोष्टी आणि तुमचे शेरे असा साठा आहे, आणि त्याची जबाबदारी तुमची आहे. तो कुणाला पुढे पाठवू नका. ‘नाव काढून पाठवते’ हेही नको. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने साडेसहा लाखांवर लोकांचे सुमारे २ कोटी शोध नावांच्या जागी क्रमांक घालून संशोधनासाठी खुले केले. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी केवळ शोधशब्दांवरून त्यातल्या एका क्रमांकामागची बाई शोधून काढली. नाव गेलं तरी ओळख राहते.

निर्णयाचं कारण दोन ओळींत लिहून ठेवा, गरज पडली तर दाखवता येईल. बाकीचं कधी पुसायचं ती तारीख त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाका. पुसताना एवढ्या जागा पाहा: फोनची गॅलरी, डाउनलोडचं फोल्डर, स्वतःलाच पाठवलेले ईमेल, ज्यांना दाखवलं त्यांच्याशी झालेले चॅट, छापलेले कागद. गुगल ड्राइव्हवरून काढलेली फाइल ३० दिवस कचरापेटीत पडून असते. तिथे जाऊन तीही रिकामी करा.